नाताळाचें बिस्किट आणि शेजारचें ताट

या ज्युबिलीच्या स्मरणग्रंथांत मंदिराच्या पायाभरणीचा, शाळेचा आणि येथें सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंचा वृत्तांत इतर लेखकांनीं दिलाच आहे. संपादकमंडळानें विषय निवडण्याची मोकळीक मजकडे दिली, तेव्हां मीं नाताळाच्या बिस्किटांवर लिहावयाचें ठरविलें. तें ऐकून मंडळांतील एका सद्गृहस्थांनीं चष्मा काढून बराच वेळ पुसला. इतिहास म्हटला म्हणजे सनावळी आणि दगडी भिंती, असा आपला समज. चुलीवर कोणी कोनशिला बसवीत नाहीं, म्हणून तिला इतिहास नाहीं असें थोडेंच आहे! शिवाय ज्या माउलींच्या हातून हा इतिहास घडला, त्यांपैकीं थोड्याच आतां आपल्यांत उरल्या आहेत.

सेमिनरींत लॅटिन शिकलेल्या मनुष्यास शब्दांचीं मुळें उकरण्याची खोड जडते. तिची वाचकांनीं क्षमा करावी. 'बिस्किट' हा शब्द लॅटिन 'बिस कोक्तुस' यापासून निघाला. अर्थ, दोनदां भाजलेलें. गलबतावर पाव टिकावा म्हणून तो पुनः भट्टींत घालून कडक करीत. त्या अर्थानें आजचा टोस्ट हाच त्या नांवाचा खरा वारस होय. इंग्रजींतील 'कुकी' डचांकडून आली. तिचा मूळ अर्थ लहानसा केक. 'नाताळ' आणि 'पाव' हे दोन्ही शब्द आपणांस पोर्तुगीजांनीं दिले. साखर मात्र येथलीच. संस्कृत 'शर्करा' फारशींत 'शकर' झाली, अरबींत 'सुक्कर' झाली, आणि तेथून युरोपांतील भाषांत पसरली; उंसाच्या रसापासून दाणेदार साखर करण्याची विद्याही याच देशांतून पश्चिमेस गेली. जर्मनींतील न्यूरेंबर्ग शहराचे नाताळांतील मसालेदार केक, किंवा ६ डिसेंबर या सेंट निकोलसच्या सणास नेदरलंडांत लांकडी साच्यांत दाबून केलेलीं चित्रमय बिस्किटें घ्या. त्यांतील दालचिनी, लवंग, सुंठ, वेलदोडा हें सर्व पूर्वेकडून गेलेलें. त्यामुळें नाताळाचें बिस्किट परकें कीं आपलें, हा वाद कोणी काढला तर मी त्यांत पडत नाहीं. सुरतेस तर अशी परंपरा सांगतात कीं, डच मंडळी निघून गेल्यावर त्यांची पावाची भट्टी एका पारशी गृहस्थाकडे आली, आणि पावास गिऱ्हाईक उरलें नाहीं म्हणून त्यानें नानकटाई काढली. इ. स. १८२४ च्या तहानें डचांनीं हिंदुस्थानांतील आपल्या वखारी इंग्रजांस दिल्या, एवढें निश्चित.

आतां आपल्या मुलखाकडे वळूं. सातारा व सांगली हे आज दोन जिल्हे असले तरी १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा वेगळा काढण्यांत आला, आणि त्यास सांगली हें नांव १९६० सालीं मिळालें. या मुलखांत बिस्किटाची भट्टी प्रथम डोंगरावर पेटली असावी, असें मला वाटतें. महाबळेश्वर १८२८ सालीं गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं वसविलें; पुढें पांचगणी वाढली, आणि १८९५ सालीं डॉटर्स ऑफ द क्रॉस या संघाच्या भगिनींनीं तेथें सेंट जोसेफ कॉन्व्हेंट शाळा काढली. साहेबांच्या बंगल्यांतून गोवेकर स्वयंपाकी असत. केक व बिस्किटें त्यांच्या हातचीं. तीं खाणारे मात्र दुसरे. खालीं कृष्णाकांठच्या आपल्या घरांत नाताळ यावयाचा तो करंज्या, शंकरपाळे व लाडवांनीं. आपल्यांपैकीं कित्येक घराणीं मूळचीं नगर जिल्ह्यांतलीं, जेथें जेसुइट फादर वाइसहाउप्त यांनीं १८७८ सालीं मिशनकार्य आरंभिलें. त्या खेड्यांत मैदा कोणी पाहिला होता? माझे मातामह तेथूनच नोकरीनिमित्त कऱ्हाडास आले. मिरजेस रेल्वेमुळें गोवेकर कुटुंबें येऊन राहिलीं, आणि त्यांच्याबरोबर नेवऱ्या, कुलकुल, दोदोल हे पदार्थ व 'कोंसवाद' म्हणजे सणाचा फराळ नातलगांस आणि शेजाऱ्यांस पाठविण्याची चाल आली.

पाठविण्याची म्हणतों खरें, पण शेजाऱ्यानें तें घ्यावयास हवें ना! येथें एका प्रसंगाची आठवण दिल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. १८९० च्या आक्टोबरांत पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें (तें आपल्या पंथाचें नव्हे, अँग्लिकन होतें) शहरांतील प्रतिष्ठित मंडळी निमंत्रणावरून जमली होती. न्यायमूर्ति रानडे होते, टिळक होते. व्याख्यानानंतर चहा व बिस्किटें आलीं. कोणीं घेतलीं, कोणीं नुसता कपास हात लावला. पुढें गोपाळराव जोशी यांनीं हजर असलेल्यांचीं नांवें छापून आणलीं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, ग्रामण्य झालें, आणि कित्येकांस प्रायश्चित्त घ्यावें लागलें. दिल्लीस तर १८९८ सालीं 'हिंदु बिस्किट' या नांवाचीच कंपनी निघाली. बिस्किटाचा एक तुकडा त्या काळीं काय वजनाचा होता, हें यावरून दिसेल. ख्रिस्ती घरच्या ताटांतील पदार्थ ही चवीची गोष्ट नव्हती.

माझी आजी हें पुरतें जाणून होती. कऱ्हाडास तिच्या शेजारीं एक ब्राह्मण कुटुंब राही. आजी नाताळांत त्या घरीं नारळ, साखर व सुपारी असा कोरडा शिधा पाठवी. केलेला पदार्थ कधीं नाहीं. त्यांच्याकडून दिवाळीस लाडू-चिवड्याचें ताट येई. घ्यावयाचें सर्व, द्यावयाचें मात्र निवडून, हें तिला खुपत असलें पाहिजे; पण ती तोंडानें बोलली नाहीं. त्या घरची धाकटी मुलगी परसदारानें येऊन एक गोड तारा खाऊन जाई, आणि आजी तिचें तोंड पदरानें पुसून तिला घरीं धाडी. हें कित्येक वर्षें चाललें. १९६७ सालीं ११ डिसेंबरच्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. लोक थंडींत उघड्यावर निजूं लागले. आई सांगे कीं, त्या रात्रीं दोन्ही घरांचीं अंथरुणें एकाच मैदानांत शेजारीं-शेजारीं होतीं, आणि चहा एकाच पातेल्यांत उकळत होता. भट्टीकडे न्यावयासाठीं जमवलेला मैदा व साखर आजीनें मदतीच्या गाड्यांवर देऊन टाकली; त्या नाताळास आमच्या घरीं बिस्किटें झालींच नाहींत. पुढल्या वर्षीं मात्र शेजारच्या काकूंनीं डिसेंबर लागतांच भिंतीवरून विचारलें, "यंदा तरी करणार ना तुमचे ते तारे?" आणि ताट उघड्या दारानें गेलें.

तारे येतात कोठून, तें आतां सांगितलें पाहिजे. पांढरी साखर सामान्य घरांत मुबलक येण्यासही काळ लागला. १९३२ सालीं देशी साखरधंद्यास जकातीचें संरक्षण मिळाल्यावर जावा बेटाची साखर मागें पडली व येथले कारखाने वाढले. १९३९ सालीं उगार शुगर वर्क्स निघाली, आणि स्वातंत्र्यानंतर सांगलीस वसंतदादा पाटील यांच्या पुढाकारानें सहकारी कारखाना उभा राहिला. महायुद्धांत साखर रेशनवर असतां आजी महिनोन्महिने मूठमूठ साठवी. ओव्हन तर कोणाकडेच नसे. कढईंत वाळू तापवून, तींत ताटली ठेवून, झांकणावर निखारे घालून घाणा काढीत. एका घाण्यांत सात-आठ बिस्किटें, त्यांतील दोन करपलेलीं.

म्हणून खरा मार्ग बेकरीच्या भट्टीचा. माझें बालपण मिरजेस, वडील रेल्वेंत. आईबरोबर पत्र्याचे डबे घेऊन मी त्या भट्टीवर पुष्कळदां बसलों आहें. लांकडाची घुमटाकार भट्टी. पहाटे तिच्या कडक आंचेवर पाव निघत, आणि दुपारीं उतरत्या आंचेवर घरोघरचीं बिस्किटें लागत. मजुरी किलोवर. बेकरीवाले चाचा मुसलमान. कोणाचा पत्रा कोणता हें ते चिठ्ठीवांचून ओळखीत. घरच्या साजूक तुपाचा वास आला म्हणजे म्हणत, "बाईजी, यह तो बच्चे यहीं खा जाएंगे." त्यांच्या ईदेस शिरखुर्मा आमच्याकडे येई, हें वेगळें सांगावयास नको.

तूप व पिठीसाखर परातींत घेऊन तळहातानें फेसावयाची. त्याचा थेंब पाण्यांत टाकला व तो तरंगला म्हणजे हात थांबवावयाचा. मग मैदा. नानकटाईचा गोळा पसरला, फुटला तरी शोभतो. ताऱ्याचें तसें नाहीं. सोडा चिमूटभर अधिक पडला कीं पांच टोंकांचा तारा भट्टींतून तगरीचें फूल होऊन बाहेर येतो. पीठ गार असावें लागतें, आणि त्यास डिसेंबरची थंडी उपयोगी पडते. तूप थिजलेलें राहतें व कड सुबक निघते. साचे वडिलांनीं वनस्पति तुपाच्या रिकाम्या डब्याच्या पत्र्यापासून करवून घेतले होते: तारा, घंटा आणि एक मेंढरूं, जें आमच्या मतें कुत्र्यासारखें दिसे. नक्षी काढण्याची कला आम्हांस कोणा युरोपियनानें शिकविली नाहीं. जेथें संक्रांतीस मंद आंचेवर तासन् तास हलवून हलव्यास कांटे आणतात व त्याचे दागिने करून बाळास घालतात, आणि पाडव्यास साखरेच्या गांठी साच्यांत ओततात, तेथें साखरेनें चित्र काढावयास शिकवावें कशाला लागतें? आई कागदाच्या पुडीचें टोंक कापून तींतून साखरेची धार सोडी; तीच रेघ ती रांगोळींतही काढी.

एका वर्षीं आम्हां मुलांस पिवळे तारे हवे झाले. हळद घरांत होतीच. सांगलीच्या हळदीस २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, पण आमच्यासाठीं ती फोडणीच्या डब्यांतली. ती मीं आईच्या नकळत पिठांतच घातली. पिठांत सोडा होता. हळदीस चुना किंवा सोडा लागला म्हणजे ती तांबडी होते, हें कुंकू करणाऱ्यास ठाऊक असतें, मला नव्हतें. भट्टींतून विटेच्या रंगाचे तारे निघाले, आणि चाचा हंसून म्हणाले कीं हे तारे नव्हेत, कौलें आहेत. पुढें आई हळदीची बोटभर पूड लिंबाच्या रसांत कालविलेल्या साखरेंत घालूं लागली. आंबटांत तिचा रंग पिवळाच राहतो.

लिंबाचा रस घेण्यास आणखी एक कारण होतें. इंग्रजी पद्धतींत ही साखर अंड्याच्या पांढऱ्या बलकांत फेसतात, आणि आमच्या शेजारीं जैन कुटुंब होतें. आपल्या सांगली-मिरजेंत जैन समाज मोठा. त्यांच्या घरीं अंड्याचा पदार्थ जाणें शक्य नव्हतें. आईनें परात वेगळी केली, पत्रा वेगळा केला, आणि त्या घरच्या बिस्किटांवर खूण म्हणून मधोमध एक चारोळी बसवी. एवढें करूनही एकदां चुकली. गुलाबी घंटांसाठीं तिनें बिटाचा रस घातला. ताट गेलें, आणि संध्याकाळीं शेजारच्या वहिनी स्वतः आल्या. रागावल्या नव्हत्या, उलट संकोचल्या होत्या. "ताई, बीट जमिनीखालचें, आम्हांला चालत नाहीं हो. पण पिवळे सगळे खाल्ले." हळदही जमिनीखालचीच, असें मी मध्येंच बोललों. वहिनींनीं समजावून सांगितलें कीं वाळलेली हळद चालते, ओला कंद नाहीं. धर्मशास्त्रांतील सूक्ष्म भेदाचा तो माझा पहिला धडा, सेमिनरींतले त्यानंतरचे.

आपल्याकडे शेजारचें ताट रिकामें परत करीत नाहींत. नाताळास गेलेलें आमचें ताट तीन आठवड्यांनीं संक्रांतीचा तिळगूळ घेऊन येई. तोंपर्यंत त्यांचें एखादें आमच्याकडे राही. भांड्यांवर नांवें कोरलेलीं असत तीं यासाठींच.

ती भट्टी आतां नाहीं. त्या जागीं मोबाईलचें दुकान आहे. मुंबईस तर २०२५ सालीं उच्च न्यायालयाच्या आदेशावरून लांकूड-कोळशाच्या भट्ट्यांस सहा महिन्यांत इंधन बदलावयास सांगण्यांत आलें. धुराचा विचार करतां तें योग्यच म्हटलें पाहिजे. घरोघर विजेचे ओव्हन आले आहेत, रंगीत साखर बाटल्यांतून मिळते, आणि आपल्या धर्मग्रामांतील मुली आज जीं बिस्किटें करतात तीं माझ्या आईच्या मेंढरापेक्षां शतपटींनीं सुबक असतात. मात्र गेल्या नाताळांत मीं चार-पांच घरीं सहज विचारलें कीं ताटें कोणाकोणाकडे गेलीं. एके घरीं उत्तर मिळालें, "फादर, हल्लीं कोणाला काय चालतें, कळत नाहीं, म्हणून आम्ही देत नाहीं." आजीलाही कळत नव्हतें, तिनें नारळ पाठविला होता. आईला कळलें तें बिटावरून.

गेल्या पावसाळ्यांत आई देवाघरीं गेली. मिरजेचें घर आवरतांना फडताळाच्या तळाशीं एक स्टीलचें ताट सांपडलें. कांठावर त्या जैन कुटुंबाचें नांव व १९८३ साल कोरलेलें. वहिनी आतां मुलाकडे पुण्यास असतात. फोनवर त्यांनीं आवाज ओळखला, आणि बऱ्याच वेळानें म्हणाल्या कीं ताट हरवलें असें त्या समजत होत्या. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यांत तें घेऊन जावयाचें ठरलें आहे. बिस्किटें मंदिराच्या सभागृहांत करूं. परात वेगळी, साखर लिंबाच्या रसांतली, मधोमध चारोळी, आणि बीट नाहीं, हें मदतीस येणाऱ्या मुलींस आतांच सांगून ठेवलें आहे.