ड्रॅगनच्या पोटाखालचे पाय : एका चित्रपुस्तकातून उलगडणारा इतिहास

१/
चिनी ड्रॅगन-नृत्यावरचे एखादे चित्रपुस्तक सहा-सात वर्षांच्या मुलांसमोर उघडा. मधल्या जोडपानावर बहुधा तो संपूर्ण पसरलेला असतो. लाल-सोनेरी अंग, वाटोळे डोळे, लांब दाढी, हरणासारखी शिंगे. मोठी माणसे त्याच्या डोक्याकडे पाहतात. मुलांचे बोट मात्र खाली जाते आणि प्रश्न येतो : "याला माणसांचे पाय का?"
हा धागा त्या प्रश्नाविषयी आहे. ड्रॅगन-नृत्याचा इतिहास शोधू लागलो की आपणही अखेर तिथेच पोहोचतो : ड्रॅगनच्या खाली कोण आहे?

२/
सुरुवात शब्दांपासून. चिनी भाषेत या प्राण्याला 'लोंग' म्हणतात आणि या नृत्याला 'वू-लोंग'. पुष्कळदा त्याची सिंह-नृत्याशी गल्लत होते. फरक सोपा आहे. सिंहाच्या पोशाखात दोन माणसे शिरतात आणि दिसेनाशी होतात. ड्रॅगनमध्ये कोणी शिरत नाही. बांबूच्या कड्यांवर कापड चढवून त्याचे लांब अंग तयार करतात, ठरावीक अंतरावर काठ्या बसवतात आणि एकेक काठी एकेक जण उचलून धरतो. काठ्यांची संख्या बहुधा विषम असते : ९, ११, १३. उचलणारे लपत नाहीत. चित्रातले पाय म्हणजे चित्रकाराची नजरचूक नाही, या कलेची रचनाच तशी आहे.

३/
दुसरा प्रश्न : "पुढे चेंडू घेऊन पळतोय तो कोण?"
तो चेंडू म्हणजे मोती. त्याच्या अर्थाविषयी अनेक मते आहेत. कोणी त्यात चंद्र पाहतो, कोणी सूर्य, कोणी मेघगर्जना, कोणी ज्ञान. नृत्याच्या दृष्टीने मात्र मोती धरणारा हा वाटाड्या असतो. मोती वळला की डोके वळते, डोक्यामागून दुसरी काठी, मग तिसरी. प्रत्येकाने पुढच्याच्या मार्गावरून, त्याच लयीत जायचे. कोणी अर्धा क्षण चुकला तरी अंगाला गाठ पडते. सर्वांत जास्त धावावे लागते ते शेपटीवाल्याला, कारण पुढचे लहानसे वळण मागे पोहोचेपर्यंत मोठे झालेले असते.

४/
तिसरा प्रश्न हमखास येतो : "हा तोंडातून आग सोडतो का?"
आग सोडणारा, खजिना राखणारा, शूर सरदाराने मारायचा ड्रॅगन युरोपातल्या कथांमधला. लोंगचे नाते पाण्याशी आहे. नद्या, डोह, ढग आणि पाऊस ही त्याची ठिकाणे. इ.स. १०० च्या सुमारास शू शन या विद्वानाने सिद्ध केलेल्या 'श्वोवन च्येझ' या शब्दकोशात लोंगची नोंद आहे. तिचा आशय असा : तो लहान-मोठा होऊ शकतो, वसंतसंपाताला आकाशात चढतो आणि शरदसंपाताला खोल पाण्यात उतरतो. शेतकऱ्याच्या डोळ्यांनी वाचले तर ही पावसाळ्याच्या ये-जा करण्याचीच नोंद वाटते.

५/
आता इतिहासाच्या विद्यार्थ्याचा प्रश्न : हे नृत्य किती जुने?
समाजमाध्यमांवर 'पाच हजार वर्षांची अखंड परंपरा' असे बिनदिक्कत लिहिले जाते. इथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. ड्रॅगनची प्रतिमा खरोखरच अतिप्राचीन आहे. हनान प्रांतातील पूयांग येथे १९८७ मध्ये नवाश्मयुगीन दफन सापडले. त्यात मृताच्या एका बाजूला शिंपल्यांनी रचलेला ड्रॅगन आणि दुसऱ्या बाजूला वाघ होता. ती रचना सहा हजार वर्षांहून जुनी मानली जाते. पण प्रतिमेचे वय म्हणजे नृत्याचे वय नव्हे. नृत्यासाठी नाचणाऱ्यांचा पुरावा हवा.

६/
तो पुरावा हान काळात मिळतो. दोंग झोंगशू (इ.स.पू. दुसरे शतक) या विद्वानाच्या नावावर असलेल्या 'छुनछ्यू फानलू' या ग्रंथात अवर्षणात करायच्या विधींचे एक प्रकरण आहे. (ग्रंथाची सर्व प्रकरणे त्याचीच आहेत का, यावर अभ्यासकांत वाद आहे.) विधीत मातीचे ड्रॅगन करायचे असत आणि ऋतूनुसार त्यांचा रंग, लांबी आणि नाचणारे ठरलेले असत :

वसंत : हिरवा-निळा, ८ झांग, ८ लहान मुले
ग्रीष्म : लाल, ७ झांग, ७ तरुण
ग्रीष्माचा अखेर : पिवळा, ५ झांग, ५ प्रौढ पुरुष
शरद : पांढरा, ९ झांग, ९ विधुर
हिवाळा : काळा, ६ झांग, ६ वृद्ध

त्या काळचा एक झांग म्हणजे सुमारे २.३ मीटर.

७/
यादी पुन्हा वाचा. वर्षाची सुरुवात मुलांपासून होते. त्यांनी तीन दिवस व्रतस्थ राहायचे, हिरवे-निळे कपडे घालायचे आणि नाचायचे. वसंतात सृष्टी कोवळी, म्हणून नाचणारेही कोवळे. पुढे ऋतू पिकत जातो तसे नाचणाऱ्यांचे वयही वाढत जाते.
एक काळजी मात्र घ्यायला हवी. हा ड्रॅगन मातीचा आणि स्थिर आहे. तो काठ्यांवर उचललेला नाही. म्हणून आजचे नृत्य जसेच्या तसे हान काळापासून चालत आले, असे यावरून म्हणता येत नाही. एवढे म्हणता येते की 'ड्रॅगन, पाऊस आणि माणसांचा नाच' हे त्रिकूट दोन हजार वर्षांपूर्वी एकत्र आले होते आणि त्यात मुलांना मानाची जागा होती.

८/
"पण मातीच्या खोट्या ड्रॅगनने पाऊस कसा पडेल?" असे एखादे मूल विचारील. त्याला शाबासकी द्यावी, कारण हीच शंका त्या काळीही घेतली गेली होती. पहिल्या शतकातील वांग चोंग हा भल्याभल्या समजुतींची चिरफाड करणारा लेखक. त्याच्या 'लुनहंग' या ग्रंथात मातीच्या ड्रॅगनवर स्वतंत्र प्रकरण आहे. गंमत म्हणजे इथे हा संशयवादी विधीच्या बाजूने उभा राहतो. सारखी वस्तू सारख्या वस्तूला खेचते, असे सांगत तो दाखल्यांवर दाखले देतो. युक्तिवाद आज पटणार नाही. पण प्राचीन माणसे सगळे डोळे मिटून मानत होती, हा आपला समज त्यामुळे नक्की हलतो.

९/
यानंतर हजार वर्षांची उडी, सोंग राजवटीच्या खायफंग या राजधानीत. नववर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला तिथे दीपोत्सव होई. गवताच्या पेंढ्या बांधून ड्रॅगन करत, त्यांवर हिरवे कापड पसरत आणि अंगभर हजारो दिवे लावत. लांबून पाहणाऱ्याला दोन ड्रॅगन वळसे घेत उडताहेत असे वाटे.
हे वर्णन लिहिणारा मंग युआनलाओ. ११२७ मध्ये जुर्चेन फौजांनी खायफंग घेतले आणि तो दक्षिणेकडे परागंदा झाला. त्याच्या ग्रंथाची प्रस्तावना ११४७ ची आहे. हरवलेले शहर तो आठवणींतून उभे करत होता. गवताच्या ड्रॅगनची ही नोंद एका निर्वासिताने आपल्यासाठी राखून ठेवली आहे.

१०/
हळूहळू हे दिवे हलू लागले. छिंग काळातील (१६४४–१९१२) स्थानिक वृत्तग्रंथांत कागदाचे किंवा कापडाचे लांब ड्रॅगन-दिवे गावातून मिरवल्याचे उल्लेख वारंवार येतात.
याच काळात ड्रॅगन ही सम्राटाची खूणही होती. पाच नखांचा ड्रॅगन अंगरख्यावर मिरवायला सामान्यांना मनाई होती. राजवाड्यातला ड्रॅगन रेशमावर, एका माणसाच्या छातीवर विणलेला. गावातला ड्रॅगन बांबूचा, गवताचा, जुन्या कापडाचा, दहा-वीस जणांनी मिळून उचललेला. चित्रपुस्तकात दिसतो तो हा दुसरा. 'ड्रॅगन म्हणजे सम्राटाचे प्रतीक' एवढेच मुलांना सांगितले तर पायांचे स्पष्टीकरण राहूनच जाते.

११/
आता हाँगकाँगमधले ताय हांग. पूर्वी हे हक्का लोकांचे छोटे गाव होते. स्थानिक कथेनुसार १८८० मध्ये वादळानंतर गावात एक अजगर मारला गेला आणि पाठोपाठ रोगाची साथ आली. एका वृद्धाला स्वप्नात उपाय कळला : अग्नि-ड्रॅगन नाचवा, फटाके वाजवा. गावाने तसे केले आणि साथ ओसरली, अशी श्रद्धा आहे.
तेव्हापासून शरदातील पौर्णिमेच्या सुमारास तिथे ६७ मीटर लांबीचा गवताचा ड्रॅगन निघतो. त्याच्या अंगात सत्तर हजारांहून अधिक पेटत्या उदबत्त्या खोचलेल्या असतात आणि त्याला नाचवायला सुमारे ३०० माणसे लागतात. २०२० ते २०२२ अशी सलग तीन वर्षे तो निघाला नाही. कारण पुन्हा साथ हेच होते.

१२/
ग्वांगदोंग प्रांतातील झानजियांगजवळच्या दोंगहाय बेटावर तर कापड नाही, बांबूही नाही. मोठी माणसे मुलांना खांद्यांवर घेतात, शरीरे एकमेकांना जोडली जातात आणि माणसांचाच ड्रॅगन तयार होतो. "मुले ड्रॅगनमध्ये असतात का?" याचे याहून थेट उत्तर नाही.
१९६६ नंतर सांस्कृतिक क्रांतीत असे लोकोत्सव 'जुन्या चालीरीती' ठरले आणि त्यांच्यावर गदा आली. चाळीस वर्षांनी, २००६ मध्ये, चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्याच यादीत ड्रॅगन-नृत्याचे अनेक स्थानिक प्रकार आले. त्यांत हा मानवी ड्रॅगनही होता. एकाच राज्यव्यवस्थेने एका पिढीत नाकारलेली गोष्ट पुढच्या पिढीत मिरवली. मधल्या काळात ती टिकली ती लोकांच्या स्मरणात.

१३/
इंग्रजीतली बरीचशी चित्रपुस्तके मात्र चीनमधली नसतात. त्यांतला ड्रॅगन अमेरिका-ऑस्ट्रेलियातल्या एखाद्या शहरातल्या रस्त्यावर नाचत असतो. तो तिथे कसा गेला?
ऑस्ट्रेलियातील बेंडिगो हे सोन्याच्या खाणींचे गाव. १८५० च्या दशकात दक्षिण चीनमधून हजारो लोक तिथे आले. स्थानिक रुग्णालयाच्या निधीसाठी निघणाऱ्या ईस्टरच्या मिरवणुकीत ते सहभागी होऊ लागले. त्यांचा 'लूंग' नावाचा ड्रॅगन १९०१ च्या सुमाराचा. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या नव्या संसदेने युरोपेतर लोकांना रोखणारा स्थलांतर-निर्बंध कायदा केला. कायदा म्हणत होता, तुम्ही इथले नाही. लूंग १९७० पर्यंत त्याच रस्त्यावरून गावाच्या रुग्णालयासाठी नाचत राहिला. आज तो तिथल्या संग्रहालयात आहे.

१४/
हे दूरचे वाटत असेल तर कोलकात्याकडे पाहू. तिरेट्टा बाजार आणि टांगरा या भागांत चिनी वंशाचे भारतीय नववर्षाला सिंह आणि ड्रॅगन नाचवतात. १९६२ च्या युद्धानंतर देशातील सुमारे ३,००० चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत डांबले गेले. त्यांत मुलेही होती आणि कित्येकांचा जन्म भारतातच झाला होता. सुटकेनंतर अनेकांनी देश सोडला. जे राहिले त्यांच्या वस्त्यांत आजही ढोल वाजतो. त्या ड्रॅगनखालचे पाय भारतीय आहेत, हे आपल्या मुलांना सांगायला हवे.

१५/
"मुली ड्रॅगन उचलतात का?" आज मुलींची स्वतंत्र पथके आहेत. पूर्वी अनेक गावांत हे काम पुरुषांचेच मानले जाई.
या प्रश्नाला आपल्या बाजूने एक वाट आहे. बौद्ध ग्रंथ चिनीत नेणाऱ्या अनुवादकांनी संस्कृत 'नाग' या शब्दासाठी 'लोंग' हाच शब्द वापरला. अजिंठ्याच्या १९ क्रमांकाच्या लेण्याबाहेर राणीसह बसलेला नागराज चिनी वाचकासाठी 'लोंगवांग', म्हणजे ड्रॅगन-राजा. 'सद्धर्मपुंडरीक' सूत्रात सागर नागराजाची कन्या सर्वांसमोर क्षणार्धात बुद्धत्व मिळवते. त्याआधी ती पुरुषरूप घेते, हेही तिथे लिहिलेले आहे. चीनमध्ये ती 'ड्रॅगन-कन्या' म्हणून लोकप्रिय झाली. तिचे वय आठ वर्षे.

१६/
चित्रपुस्तकात हे सारे मावणार नाही आणि मावायलाही नको. पण 'चिनी लोक नववर्षाला ड्रॅगन नाचवतात' या एका वाक्यावर पान उलटू नका. त्या जोडपानावर थांबा. मुलांना पाय मोजू द्या. प्रत्येक जोडीसाठी एक माणूस सांगा : पावसासाठी व्रत करणारा मुलगा, शहर हरवलेला लेखक, साथीने घाबरलेले गाव, परक्या देशातला खाणकामगार, देवळीहून परतलेली मुलगी.
मग एक जुनी चादर आणि काही काठ्या घ्या. डोके कोणाला द्यायचे यावरून भांडण होईल, ते होऊ द्या. शेपटी मात्र सर्वांत चपळ मुलाला किंवा मुलीला द्या आणि का दिली तेही सांगा.

(धागा समाप्त. मुलांनी आणखी कोणते प्रश्न विचारले, ते खाली जरूर लिहा.)