आंबलेलं आणि नासलेलं

मंडळी, आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. 'सर, अंबाजोगाईत बसून बेल्जियमच्या आंबट चेरीच्या बिअरवर बोलणार?' आम्ही म्हटलं, बोलणार. वेळा अमावस्येला कडब्याच्या कोपीपाशी बसून मातीच्या बिंदगीतली आंबील ज्यानं प्यायली आहे, त्याचा या विषयाचा निम्मा अभ्यास झालेला आहे. आंबीलीत नशा नसते, ही गोष्ट वेगळी. पण ज्वारीचं पीठ, ताक, मडकं आणि रात्रभराचा वेळ एवढ्या भांडवलावर जो आंबटपणा तयार होतो, त्याची ओळख आपल्या जिभेला लहानपणीच होते.

आमची मात्र फजिती झाली. वीसेक वर्षांपूर्वी एका परिषदेसाठी ब्रुसेल्सला गेलो होतो. यजमानांनी लालबुंद पेला पुढं केला. रंग चेरीचा, म्हणून आम्ही सरबताच्या अपेक्षेनं मोठा घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. 'हे नासलंय,' असं अगदी सौजन्यानं सांगितलं. यजमान हसले आणि म्हणाले, आता दुसरा घोट घ्या, पण लहान. तत्त्वज्ञानात डॉक्टरेट घेतलेल्या माणसाला 'नासलेलं' आणि 'आंबलेलं' यांतला भेद कळू नये, ही शरमेची गोष्ट होती. आपल्या भाषेत तर आंबट आणि आंबणे हे शब्द सख्खे भाऊ आहेत.

या पेयाचं नाव 'क्रीक'. फ्लेमिश भाषेत क्रीक म्हणजे आंबट चेरी. त्याचा पाया 'लाम्बिक' नावाची बिअर. ती ब्रुसेल्स आणि शेजारच्या सेन नदीच्या खोऱ्यात होते. जवाचं माल्ट आणि तीस-चाळीस टक्के कच्चा गहू उकळतात. त्यात हॉप्सची फुलं घालतात ती मुद्दाम दोन-तीन वर्षं जुनी. त्यांचा कडूपणा गेलेला असतो, टिकवण्याचा गुण उरलेला असतो. हा गरम काढा माळ्यावरच्या उथळ, उघड्या हौदात रात्रभर निवायला ठेवतात. विरजण कुणी घालत नाही. हवेतले, भिंतीतले, जुन्या लाकडातले जीव आपणहून येतात. म्हणूनच हे काम थंडीतच चालतं. उन्हाळ्यात नको ते पाहुणे फार. मग लाकडी पिंपात एक ते तीन वर्षं मुक्काम. चेरी पिकली की ती आठळीसकट पिंपात पडते, लिटरमागे साधारण दोनशे ग्रॅम किंवा त्याहून जास्त, आणि कित्येक महिने तिथंच राहते. फळातली साखर ते सूक्ष्मजीव खाऊन टाकतात. रंग, वास आणि आंबटपणा मागं राहतो, आठळीमुळं किंचित बदामाची चव येते. आम्ही गोडी शोधत होतो, आणि ती तर केव्हाच खाल्ली गेली होती!

इतिहासात मुद्दा असा की ही बिअर विचित्र नाही. बहुतेक बिअर पूर्वी कमीअधिक आंबटच असे. 1883 साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी एकाच पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट बिअरसाठी वापरलं. त्यानंतर जगभर स्वच्छ, एकसारखी, कुठंही बनवली तरी तीच, अशी बिअर आली. आंबटपणा हा दोष ठरला. कार्ल्सबर्गच्याच क्लाउसेन यांनी 1904 मध्ये 'ब्रेटानोमायसीस' या यीस्टला नाव दिलं. लाम्बिकमधला खोगिरासारखा, ओल्या गवतासारखा वास या मंडळींचा. (आपलं गाव मोमिनाबाद होतं आणि इथं घोडदळाची छावणी होती, तेव्हा हा वास गावाला नवा नसावा.)

मग आस्वाद घ्यायचा कसा? फार थंड नको, वास मरतो. आधी हुंगायचं. पहिला घोट जिभेची सवय मोडण्यापुरता, त्यावर मत द्यायचं नाही. दुसऱ्यात चेरी सापडते, तिसऱ्यात लाकूड आणि आठळी. भरतमुनींनी नाट्यरस समजावताना उदाहरण घेतलं ते खाण्याचंच. गूळ, व्यंजनं, वनस्पती एकत्र येऊन षाडवासारखा आंबटगोड रस होतो. तो सुटा कुठल्याच घटकात नसतो, आणि तो चाखायला मन तयार असलेला माणूस लागतो. आमच्या पहिल्या घोटात उणीव होती ती याच माणसाची.

आता आपल्या घराकडं वळू. फळ, मडकं आणि बाहेरून न घातलेलं यीस्ट, हे सगळं गोव्यात आणि तळकोकणात आहेच. काजूची बोंडं तुडवून काढलेला रस दोन-तीन दिवस आपणहून आंबतो. तो उकळून आधी हुर्राक आणि पुन्हा उकळून फेणी. ही ऊर्ध्वपातित दारू, बिअर नव्हे. पण आंबण्याची रीत तीच. फरक पडला तो कायद्यानं. युरोपीय संघानं 1997 मध्ये 'जुनी क्रीक' या नावाला आणि पद्धतीला संरक्षण दिलं. गोव्याच्या काजू फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं. आणि गोव्याची हद्द ओलांडून दोडामार्ग-सावंतवाडीत आलं की तेच झाड, तेच बोंड, पण डोक्यावर 1949 चा दारूबंदी कायदा. परवाना काढून भट्टी लावणारा तिकडं परंपरेचा वारस, आणि इकडं घरी गाळणारा आरोपी. 2022 मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळानं काजूबोंड आणि मोहाफुलांच्या मद्याला दर्जा दिला तो कोणता, ठाऊक आहे? 'विदेशी मद्य'! मोहाला विदेशी म्हणायचं, म्हणजे आंबीलीला परकीय चलन लावण्यासारखं आहे.

लोक म्हणतील, प्राध्यापक दारूची भलावण करतात. तसं नाही. दारूनं उद्ध्वस्त झालेली घरं याच तालुक्यात आम्ही पाहिली आहेत आणि त्या घरांतली मुलं आमच्या वर्गात बसलेली आहेत. पण गाळणारा कोण, पिणारा कोण, यावर जेवढं बोललं गेलं, त्याच्या शतांशही 'चव कशी' यावर बोललं गेलं नाही. चाखून पारख करणारा माणूस नसला की उरते ती फक्त स्वस्त नशा. बेल्जियममध्येही गोड सरबत मिसळलेली क्रीक खंडीनं खपते. खरी आंबट क्रीक टिकली ती तिची चव ओळखणाऱ्या थोड्या गिऱ्हाइकांमुळं.

तळकोकणातल्या बागांत एप्रिल-मेमध्ये कधी गेलात तर झाडाखाली बघा. बी पिरगाळून काढून घेतलेली असते. लाल-पिवळी बोंडं मातीत पडून आंबत असतात, आणि तो वास रस्त्यापर्यंत येतो.