बहात्तरचा दुष्काळ आणि पोटातली पिढी

आपल्या परभणीत बहात्तरच्या दुष्काळाचा विषय निघाला की जुनी माणसं तीन गोष्टी हमखास सांगतात. लाल मिलोची भाकर, कामावरची सुकडी आणि रस्त्याकडेला खडी फोडणाऱ्या बाया. त्या बायांमध्ये गरोदर बायाही होत्या. आज मी त्यांच्याबद्दल लिहितोय.

मे 1973 मध्ये महाराष्ट्रात जवळपास 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते. घरात दाणा नाही म्हटल्यावर दिवस गेलेली बाई घरी कशी बसणार? पाटी उचलायची, संध्याकाळी पाणी शोधायचं, आणि रात्री उद्याची काळजी.

त्याच 1972 साली परभणीत कृषी विद्यापीठ उभं राहिलं. दुष्काळ पिकाचं काय करतो, हे आपल्याला चांगलं कळतं. पोटातल्या बाळाचं काय करतो, याचं उत्तर मात्र दुसरीकडून आलं.

1944-45 च्या हिवाळ्यात जर्मन फौजांनी पश्चिम नेदरलँड्सची रसद तोडली. माणशी रेशन दिवसाला हजार उष्मांकांच्या खाली गेलं. त्या लोकांनी प्रसूतीच्या नोंदी नीट ठेवल्या होत्या, म्हणून पुढे तपास करता आला. 19 वर्षांच्या मुलांच्या बुद्धीत फरक दिसला नाही. पण उपासमारीच्या ऐन काळात गर्भ राहिलेल्या मुलांमध्ये पुढे स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सुमारे दुप्पट निघालं.

तिथे भूक आणि भीती एकत्र होती. नुसत्या ताणाचं काय? जानेवारी 1998 मध्ये कॅनडाच्या क्वेबेकमध्ये हिमवादळाने लाखो घरांची वीज गेली, काहींची महिनाभराहून जास्त. ज्या गरोदर बायांचे हाल जास्त झाले, त्यांची मुलं साडेपाच वर्षांची झाल्यावर भाषा आणि बुद्धीच्या चाचण्यांत सरासरीने मागे दिसली.

कारण असं. ताणात आईच्या रक्तात कॉर्टिसॉल वाढतं. गर्भाशयातली वार त्यातलं बरंचसं निकामी करून बाळाला जपते. ताण फार आणि फार दिवस राहिला की ही राखण कमी पडते, आणि मेंदूची जडणघडण तर त्याच महिन्यांत चाललेली असते.

म्हणून बहात्तरची मुलं कमी ठरली असं कुणी समजू नये. हे सरासरीचे आकडे आहेत, कुणाचं नशीब नाही. नंतरचं खाणं, माया, शाळा यानं बरंच भरून निघतं. आणि यात आईचा तर काडीचाही दोष नाही.

आपल्याकडे गर्भसंस्काराचे वर्ग निघतात, पोटुशीला 'खुश राहा' सांगतात. कर्ज आणि कोरडी विहीर समोर असताना खुश कसं राहायचं, ते कुणी सांगत नाही.

त्या दुष्काळाने एक मोठी गोष्ट दिली. वि. स. पागेंची रोजगार हमी राज्यभर पोचली आणि 1977 साली तिचा कायदा झाला. काम मागण्याचा हक्क मिळाला. गरोदर बाईचा मजुरीसकट विसाव्याचा हक्क मात्र राहूनच गेला. नोकरदार बाईला 2017 पासून 26 आठवडे पगारी रजा आहे. गंगाखेड-पालमहून कोयता घेऊन निघणाऱ्या बाईला मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाला 5,000 रुपये, दुसरी मुलगी झाली तर 6,000. त्यात किती महिन्यांची मजुरी निघते, हिशोब तुम्हीच करा.

पुढचा दुष्काळ येणारच आहे. टँकर आणि चारा छावणीच्या मागणीसोबत गरोदर बाईला घरबसल्या मजुरी, ही मागणीही ग्रामसभेत लावून धरा.