उष्टावणाचे तूप

महाराष्ट्रात उष्टावणाच्या दिवशी मामाच्या मांडीवर बसविलेल्या बालकाच्या मुखी खिरीचा पहिला घास जातो, आणि पुढे थोड्याच दिवसांत गुरगुट्या भात, वरणाचे पाणी व त्यावर चमचाभर पातळ साजूक तूप असा त्याचा आहार सुरू होतो. हा क्रम इतका अंगवळणी पडलेला आहे की, तो अनादि व निर्विवाद असावा असे कोणासही वाटावे. परंतु जुने ग्रंथ उघडून पाहिले असता असे दिसते की, बालकास तूप द्यावे याविषयी आपल्या पूर्वजांत जरी एकमत होते, तरी ते केव्हा, कोणास व कशासाठी द्यावे याविषयी मात्र नव्हते.

सर्वांत जुना रिवाज जन्मदिवसाचा. जातकर्मात नवजात बालकास सुवर्णाच्या स्पर्शाने मध व तूप चाटवावे असे गृह्यसूत्रे सांगतात, आणि हा विधी नाळ कापण्यापूर्वी व्हावा असे मनुस्मृती सांगते. येथे तूप हे अन्न म्हणून येत नाही. मेधा व आयुष्य यांच्या कामनेचे ते वाहन आहे. सुश्रुताने मात्र त्याच तुपास वैद्यकीय कारण जोडले. मातेच्या स्तनांत दूध तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी उतरते, असे त्याचे निरीक्षण होते. तोवर बालकाने घ्यावे काय, या प्रश्नास त्याने पहिल्या दिवशी मध, तूप व अनंता ही वनस्पती, आणि पुढील दोन दिवस लक्ष्मणा नामक वनस्पतीने सिद्ध केलेले तूप, असे उत्तर दिले. त्या आरंभीच्या दिवसांत स्रवणारा घट्ट पिवळसर चीक हेच बालकाचे खरे अन्न होय, ही गोष्ट त्या उत्तरात जमेस धरलेली नाही.

दुसरा रिवाज सहाव्या महिन्याचा. अन्नप्राशनासाठी, म्हणजेच उष्टावणासाठी, मनूने हाच महिना सांगितला आणि गृह्यसूत्रकार आश्वलायनानेही हाच. शिवाय पुत्र तेजस्वी व्हावा अशी इच्छा असणाऱ्याने त्यास तूपभात द्यावा, असे आश्वलायन म्हणतो, व त्याच्याच शेजारी अन्य कामनांसाठी बोकडाचे व तित्तिराचे मांसही सांगतो. काश्यपसंहिता हा बालचिकित्सेवरील प्राचीन ग्रंथ. नेपाळात सापडलेल्या खंडित हस्तलिखितावरून तो 1938 साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून प्रसिद्ध झाला. या ग्रंथाचे मत निराळे आहे. सहाव्या महिन्यात फळे द्यावीत आणि धान्याचे अन्न दहाव्या महिन्यात द्यावे, असे तो सांगतो. आणि तूपमिश्रित लेह कोणत्या बालकास चाटवावा, कोणास चाटवू नये, याची तर तो यादीच देतो. जिच्या अंगावर दूध नाही अशा मातेच्या मुलास लेहाची अनुज्ञा आहे, आणि ज्याचा अग्नी मंद आहे त्यास मनाई आहे.

तुपाच्या शुद्धतेचा प्रश्न मात्र या ग्रंथकारांपेक्षा आपल्या पणजी-आजींच्या पिढीस अधिक भेडसावला असला पाहिजे. घरचे लोणी घरीच कढवून केलेल्या तुपास कोणाच्या दाखल्याची गरज नव्हती. परंतु शहरे वाढली, तूप हा बाजाराचा जिन्नस झाला, आणि भेसळीच्या तक्रारी इतक्या माजल्या की मुंबई इलाख्यात 1925 साली भेसळ रोखण्याचा कायदा करावा लागला. पुढे 1930 नंतरच्या दशकात शिवडीच्या कारखान्यातून वनस्पती तूप निघू लागले, 1937 पासून ते ‘डालडा’ या नावाने घरोघर पोचले, आणि रंगरूपाने तुपासारख्या दिसणाऱ्या या पदार्थाची खऱ्या तुपात होणारी सरमिसळ ओळखता यावी म्हणून त्यात शेकडा 5 तिळाचे तेल घालण्याची सक्ती करण्यात आली. कारण तिळाचे तेल रासायनिक कसोटीत तांबडा रंग दाखविते.

खऱ्या तुपात असे काय आहे की त्याची नक्कल बालकास पुरी पडू नये, याचा उलगडाही याच काळात झाला. 1913 साली अमेरिकेत मॅकॉलम व डेव्हिस यांनी दाखविले की, लोण्यातील स्निग्धांशावर उंदरांची पिल्ले वाढतात, तर डुकराच्या चरबीवर वा ऑलिव्हच्या तेलावर त्यांची वाढ खुंटते. त्या अज्ञात घटकास पुढे ‘अ’ जीवनसत्त्व हे नाव मिळाले. पहिल्या महायुद्धाच्या वर्षांत लोणी परदेशी विकणाऱ्या डेन्मार्कमध्ये साय काढलेल्या दुधावर वाढणाऱ्या बालकांचे डोळे कोरडे पडून अधू होऊ लागले. 1917 अखेर नाकेबंदीमुळे निर्यात थांबली, लोणी देशातच वाटले जाऊ लागले, आणि तो रोग जवळजवळ नाहीसा झाला. याखेरीज एक साधा हिशेबही आहे: बालकाचे पोट लहान, पेज पातळ, आणि स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅममध्ये 9 उष्मांक, म्हणजे पिठूळ पदार्थाच्या दुपटीहून अधिक. चमचाभर तुपाने घास वाढत नाही, त्याचे बळ वाढते.

आजचे वैद्यक सहा महिने केवळ आईचे दूध सांगते व त्यानंतर अन्नात थोडे तूप घालण्यास अनुमती देते. जन्मदिवसाच्या चाटणास मात्र ते साफ नकार देते, आणि 1976 साली अर्भकांतील बॉटुलिझम हा रोग ओळखला गेल्यापासून वर्षाच्या आतील बालकास मध तर मुळीच नको असे बजावते. म्हणजे दोन प्राचीन रिवाजांपैकी एक काळाने रद्द केला व दुसरा कायम केला. पैकी पहिल्यास सुश्रुताने जोडलेले कारण, म्हणजे दूध उतरेपर्यंत बालकास अन्न नसते ही समजूतच, ढळली होती. या निवाड्याने परंपरेचा अवमान होत नाही, कारण वय पाहावे, अग्नी पाहावा, सर्वांस एकच नियम लावू नये, हे काश्यपसंहितेने आधीच सांगून ठेवले आहे. रिवाजातील तूप तेवढे उचलून त्याच्या अटी जो सांडून देतो, तो त्या रिवाजाचा वारस म्हणविण्यास पात्र नाही.