ओझी, उचली आणि धातूचा थकवा

सोसण्याजोगा भार पुन्हा पुन्हा आला की धातूत सूक्ष्म तडा पडतो, तो वाढत जातो आणि एके दिवशी तो भाग अचानक तुटतो. यालाच धातूचा थकवा म्हणतात. विमानेही यातून सुटत नाहीत. पण हेलिकॉप्टरचे दुखणे अधिक गंभीर, कारण मुख्य गिअरबॉक्स निकामी झाला तर त्याची जागा घेणारे दुसरे काही नसते.

६ नोव्हेंबर १९८६ रोजी उत्तर समुद्रातल्या ब्रेंट तेलक्षेत्रातून शेटलंडकडे परतणारे चिनूक हेलिकॉप्टर समुद्रात कोसळले. ४७ पैकी ४५ जण गेले. जड माल उचलणाऱ्या लष्करी चिनूकचीच ही नागरी आवृत्ती. त्याच्या पुढच्या आणि मागच्या रोटरची पाती एकमेकांच्या कक्षेतून फिरतात. त्यांचा मेळ गिअर आणि दांडे राखतात. पुढच्या गिअरबॉक्समधले दातेरी कडे थकव्याने फुटले, मेळ सुटला आणि पाती एकमेकांवर आदळली. या भागात केलेल्या सुधारणेची चाचणीच अपुरी होती, हे सर्वांत क्लेशदायक.

थकवा नुसत्या उड्डाणांनी नव्हे, उचलींनीही येतो. जंगलातले ओंडके वाहताना हेलिकॉप्टर तासाभरात कितीतरी ओझी उचलते. प्रत्येक उचल म्हणजे ताणाचा एक फेरा. नुसते उड्डाणतास मोजून हे कळत नाही. म्हणून बेल कंपनीच्या काही हेलिकॉप्टरांच्या रोटरदांड्याचे आयुष्य उचलींच्या हिशेबावरही ठरू लागले. हा बदल अत्यावश्यकच होता.

तरीही थकव्याचा धोका संपलेला नाही. २९ एप्रिल २०१६ रोजी नॉर्वेत ईसी २२५ हेलिकॉप्टर कोसळून १३ जण मृत्युमुखी पडले. गिअरमधला तडा पृष्ठभागाखाली वाढला. तेलातले धातूचे कण टिपणाऱ्या यंत्रणेकडून वेळेवर इशारा मिळालाच नाही.