नॉरिच येथील एक प्रार्थनामंदिर

इंग्लंडच्या पूर्व भागांतील नॉरिच नगरांत सेंट स्विदिन नांवाचें एक मध्ययुगीन ख्रिस्ती प्रार्थनामंदिर आहे. तेथें आज उपासना होत नाहीं. रात्रीं तरुण मंडळी जमते, विजेचीं वाद्यें गर्जतात व मद्यही विकलें जातें. 'नॉरिच आर्ट्स सेंटर' हें त्याचें आजचें नांव. २०१४ मध्यें एका संगीतविषयक साप्ताहिकानें तें ब्रिटनमधील सर्वोत्तम लहान संगीतगृह ठरविलें. हें ऐकून भाविकाचें मन खिन्न व्हावें, हें साहजिक आहे. तथापि इतिहासाच्या अभ्यासकानें येवढ्यावरच निकाल देणें उचित नव्हे.

मध्ययुगांत लोकरीच्या व कापडाच्या व्यापारानें नॉरिच संपन्न झालें, आणि त्या संपत्तीच्या बळावर तटाच्या आंत ५० हून अधिक प्रार्थनामंदिरें उभीं राहिलीं. त्यांपैकीं ३१ आजही शिल्लक आहेत. पुढें वस्ती तटाबाहेर पसरली, उपासक घटले, व पूर्वजांचें वैभव वंशजांस भार झालें. ओस पडलेल्या मंदिरांच्या रक्षणासाठीं १९७३ मध्यें एक न्यास स्थापन झाला. सेंट जेम्सच्या मंदिरांत बाहुल्यांची नाट्यशाळा आली. सेंट स्विदिनच्या वांट्यास संगीत आलें.

परंतु मद्य व गाणें या वास्तूंस नवीं आहेत काय? मध्ययुगीन इंग्लंडांत वेदीकडील भाग धर्मगुरूचा व पुढील सभामंडप ग्रामस्थांचा, अशी वांटणी असे. मंडपाच्या डागडुजीचा भार ग्रामस्थांवरच पडे. त्या खर्चासाठीं ते 'चर्च-एल' नांवाचा उत्सव करीत: बीअर विकावयाची, नाचगाणें करावयाचें, आणि नफ्यांतून मंदिराचा खर्च भागवावयाचा. कित्येक ठिकाणीं हा उत्सव प्रत्यक्ष मंडपांतच होई. पुढें प्युरिटन पंथीयांनीं त्यावर घाला घातला. मंदिर म्हणजे केवळ मौन व गांभीर्य, ही कल्पना त्यानंतर अधिक दृढ झाली.

म्हणून आम्ही सर्वच रूपांतरांचें समर्थन करतों, असें नव्हे. जुना उत्सव ज्यांचा, मंदिरही त्यांचेंच होतें. आजचा श्रोता तिकीट काढून येतो व रात्र सरतांच निघून जातो. हा भेद लहान नाहीं. पण वास्तूचा खरा वैरी गाणें नव्हे, ओसाडी होय. दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यांत १८२१ सालीं पाठशाळा भरली, तेव्हां विलासाच्या घरीं विद्या आली म्हणून आपण संतोष मानतों. उपासनेच्या घरीं गाणें आलें, तर निदान तेथें रात्रीं दिवा लागतो, येवढें तरी आपण मान्य करावें.