साडेसोळा मिलिमीटरचा रूळ आणि साडेपाच फुटांची गाडी (थ्रेड)

पनवेल स्थानकाच्या पादचारी पुलावरून हार्बरची लोकल, कोकणात निघालेली एक्सप्रेस आणि न्हावा-शेव्याहून आलेली कंटेनरची मालगाडी अशा तिन्ही गाड्या थोड्याच वेळात दृष्टीस पडतात. लघुरेल्वेच्या छंदिष्टाला मोह पडावा असेच हे दृश्य. परंतु ते टेबलावर उतरवण्याचे ठरवले, की पहिलीच अडचण येते ती १८५० सालच्या सुमारास झालेल्या एका वादातून. हा थ्रेड त्या अडचणीविषयी आहे.

आधी छंदाचा उगम. एकोणिसाव्या शतकात प्रत्येक खेळणी-कारखान्याचा रूळ निराळा असे. एकाची गाडी दुसऱ्याच्या रुळावर चालत नसे. मर्कलिन या जर्मन कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापांचे, वाढवत नेता येणारे रूळ मांडले. एकदा घेतलेल्या खेळण्याला पुढच्या वर्षी नवा फाटा जोडता येऊ लागला आणि खेळण्याचा छंद झाला.

१९२२ मध्ये बिंग या न्यूरेंबर्गच्या कंपनीने जेवणाच्या टेबलावर मावेल अशी रेल्वे बाजारात आणली. त्याच लहान मापातून पुढे ‘एच ओ’ हे आज जगात सर्वाधिक रूढ असलेले प्रमाण स्थिरावले : १ : ८७. युरोप-अमेरिकेतील प्रमाण गेज १४३५ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागले की साडेसोळा मिलिमीटर येतात. जगभर तयार मिळणारा रूळ आहे तो हाच.

आता हिंदुस्थानाकडे वळू. येथे रुळांमधील अंतर किती असावे, यावर ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात बराच खल झाला. गव्हर्नर जनरल डलहौसी सहा फुटांच्या बाजूचा होता. अखेर साडेपाच फूट, म्हणजे १६७६ मिलिमीटर ठरले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली गाडी याच रुंदीवर धावली. १६७६ ला ८७ ने भागून पाहावे. उत्तर येते १९.२६.

हे पावणेतीन मिलिमीटर क्षुल्लक वाटतील. टेबलावर ते तसे राहत नाहीत. आपला डबा सव्वातीन मीटर रुंद, म्हणजे प्रतिकृतीत सदतीस मिलिमीटरहून थोडा अधिक. तो साडेसोळा मिलिमीटरच्या रुळावर ठेवला, की अरुंद पाटावर बसलेल्या धिप्पाड गृहस्थासारखा दिसतो. रूळ खरा करायचा, तर प्रत्येक सांधा आणि प्रत्येक आस स्वतः घडवावा लागतो. भारतीय छंदिष्टापुढचा मूळ प्रश्न हाच : तयार रूळ की खरा रूळ?

या प्रश्नात तो एकटा नाही, हे मात्र सांगायला हवे. ब्रिटिश इंजिने अंगाने लहान. १ : ८७ च्या प्रतिकृतीत त्या काळची मोटर मावेना. म्हणून तेथील कारखान्यांनी गाडी १ : ७६ ची केली आणि रूळ साडेसोळाचाच ठेवला. ज्या देशाने जगाला प्रमाण गेज दिले, त्याच देशाच्या लघुरेल्वेचे गेज पिढ्यान्‌पिढ्या चुकीचे राहिले! १९६० च्या दशकात काही हट्टी मंडळींनी १८.८३ मिलिमीटरचा अचूक रूळ हाताने घालण्याची चळवळच उभारली.

महाराष्ट्रात या छंदाचे सर्वपरिचित स्थान म्हणजे पुण्याच्या कोथरूडमधील जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय. बी. एस. तथा भाऊ जोशी यांनी आधी फिरती प्रदर्शने भरवली आणि १ एप्रिल १९९८ रोजी हे कायमस्वरूपी दालन खुले केले. (त्याच वर्षी २६ जानेवारीला कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गावर गाड्या सुरू झाल्या होत्या.) सिग्नल, उड्डाणपूल, रोपवे, सर्कस असे एक संपूर्ण शहर तेथे दिव्यांनिशी जागे होते. त्याचा तोंडवळा पुष्कळसा युरोपीय आहे. यात दोष काढण्याचे कारण नाही. उपभोग्य वस्तूंच्या आयातीवरील संख्यात्मक बंधने पूर्णपणे उठली ती १ एप्रिल २००१ रोजी. त्याआधी जे हाती लागे, त्यावर किंवा स्वतःच्या हातांवर भागवावे लागे.

लघुरेल्वेच्या प्रदर्शनांचे खरे मोलही येथेच आहे. प्रेक्षक टेबलासमोर उभा राहून धावती गाडी पाहतो. टेबलामागे मात्र निराळाच व्यवहार चाललेला असतो. कुणाजवळ जुन्या डब्याचा आराखडा असतो, कुणाजवळ यार्डाची छायाचित्रे, तर कुणी निवृत्त कर्मचारी अमुक वर्षी डब्यांचा रंग कोणता होता हे नेमके सांगतो. अमेरिकेत १९७० च्या दशकात तुकड्यांची पद्धत रूढ झाली : प्रत्येकाने ठरलेल्या मापाचा एक तुकडा घरी बांधायचा आणि प्रदर्शनात सर्वांचे तुकडे जोडायचे. आपल्याकडील घरांचा विचार करता ही पद्धत वरदानच म्हणावी. आय.सी.एफ. डबा १ : ८७ मध्ये सुमारे २४५ मिलिमीटर होतो, चोवीस डब्यांची गाडी सहा मीटरच्या घरात जाते. पनवेलच्या वन बीएचकेत ती वळणार तरी कोठे?

आणि घाई आहे. पेरांबूरच्या कारखान्याने जुन्या धाटणीचे हे डबे बांधणे २०१८ मध्ये थांबवले. कोकण मार्गाचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले. डिझेल इंजिनामागे बोगद्यात शिरणारी गाडी आता आठवणीत जाऊ लागली आहे. कागदपत्रांत इंजिनाचा क्रमांक सापडतो. त्याच्या छपरावर काय काय होते, हे मापे घेणाऱ्यालाच ठाऊक असते. म्हणून हाताने घातलेल्या १९.२६ मिलिमीटरच्या रुळाकडे इतिहासाच्या विद्यार्थ्याने निव्वळ हौस म्हणून पाहू नये; तयार रूळ घेणाऱ्याला जे प्रश्न पडतच नाहीत, ते या माणसाला आधी सोडवावे लागतात.

गंमत अशी की मुख्य मार्गापेक्षा आपली छोटी रेल्वे अचूक करणे सोपे आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉपची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. तिचे गेज ७६२ मिलिमीटर; ८७ ने भागले की ८.७६. बाजारात नऊ मिलिमीटरचा रूळ सहज मिळतो, आणि फरक डोळ्यांना जाणवतही नाही. कुर्डुवाडी ते बार्शी हा मार्ग टेबलावर जवळपास खरा उतरतो.

बोरघाटाची गोष्ट अधिक अवघड. १९२८ पासून आलेली तेथील विद्युत इंजिने स्विस ‘मगरी’च्या कुळातली : दोन्ही टोकांना लांब नाक, चाके जोडणाऱ्या दांड्या. आपल्या रेल्वेवाल्यांनी त्यांना ‘खेकडा’ म्हटले. स्विस मगरीच्या प्रतिकृती मर्कलिन १९३० च्या दशकापासून विकत आली. खेकडा ज्याला हवा असेल, त्याने दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभ्या असलेल्या ‘सर लेस्ली विल्सन’पाशी वही आणि मोजपट्टी घेऊन जावे.